अणूची भट्टी पेटवणारे एन्रिको फर्मी



दरवर्षी आपल्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असते. संत, समाजसुधारक, देशभक्त यांची चरित्रे बहुतेक देऊन झाली. यंदा हे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी एका शास्त्रज्ञाचे नाव सुचवले. सातवी शिकलेल्या गृहिणीने अणुशास्त्रज्ञावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण अणुशक्तीची भीती आपल्यालाही वाटते आणि तिच्यापासून होणारी वीज आपणही वापरतो. मग तिच्याविषयी दोन गोष्टी जाणून घ्यायला हरकत कोणती? शास्त्राचा कठीण भाग माझ्या मुलीने आकृत्या काढून मला समजावला. मला जेवढा समजला तेवढाच येथे सांगते.

अणुशक्ती म्हटली की हिरोशिमाचा बाँब आठवतो, आणि तारापूरची वीजही आठवते. या दोहोंच्या मुळाशी ज्या थोड्या माणसांचे हात होते, त्यांत एन्रिको फर्मी अगदी पुढे होते. त्यांना जाऊन आता सत्तर वर्षे होऊन गेली.

त्यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी इटलीची राजधानी रोम येथे झाला. वडील रेल्वे खात्यात नोकरीला होते, आई शाळेत शिक्षिका होती. मोठी बहीण मारिया, मधला भाऊ जुलिओ आणि सर्वांत धाकटा एन्रिको. दोघा भावांत जेमतेम एका वर्षाचे अंतर, त्यामुळे दोघे सदा बरोबर. विजेवर चालणारी लहानसहान यंत्रे दोघे मिळून बनवीत. १९१५ साली जुलिओच्या घशात गळू झाले. शस्त्रक्रिया अगदी किरकोळ आहे असेच सर्वांनी धरले होते. पण ती पुरी होण्याआधीच मुलगा गेला. आईने त्या दुःखाने अंथरूणच धरल्यासारखे केले. एन्रिको तेव्हा तेरा वर्षांचा. त्याने आपले दुःख कोणापाशी बोलून दाखवले नाही, अभ्यासात डोके घातले. कोणतेही काम किरकोळ न समजण्याचा त्यांचा पुढचा स्वभाव येथूनच तयार झाला की काय, असे मला वाटते.

रोमच्या कांपो दे फिओरी नावाच्या चौकात जुन्या वस्तूंचा बाजार भरे. तेथे त्याला पदार्थविज्ञानाचे १८४० सालचे एक जाडजूड पुस्तक मिळाले. पृष्ठे सुमारे ९०० आणि भाषा लॅटिन, म्हणजे आपल्याकडे संस्कृत असावी तशी. मुलाने ते साद्यंत वाचून काढले. वडिलांच्या ओळखीचे अमिदेई नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांनी मुलाची ओढ ओळखली आणि आपली पुस्तके एकेक करून त्याला क्रमाने वाचायला दिली. घरात मोठा वारसा नसला तरी वेळेवर पुस्तक हातात ठेवणारा एखादा भला माणूस भेटला, तर मुलाचे किती कल्याण होते पाहा! १९१८ साली त्याला पिसा येथील नामांकित विद्यालयात प्रवेश मिळाला, आणि एकविसावे वर्ष पुरे होण्याआधी, १९२२ साली, तो डॉक्टरेट मिळवून बाहेर पडला.

पंचविशीतच फर्मी रोम विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्याभोवती हुशार तरुणांचा मेळा जमला. ही मंडळी फर्मींना थट्टेने पोप म्हणत, कारण त्यांचे गणित सहसा चुकत नसे. १९ जुलै १९२८ रोजी लॉरा कापोन या मुलीशी त्यांचा विवाह झाला. लग्नाच्या दिवशी नव्या सदऱ्याच्या बाह्या फार लांब निघाल्या. नवरदेव स्वतः शिवणयंत्रावर बसले, बाह्यांना दुमड घातली आणि मग उशिराने वधूकडे पोचले. पुढे त्यांना नेल्ला ही मुलगी आणि जुलिओ हा मुलगा झाला. मुलाला गेलेल्या भावाचेच नाव दिले.

आता त्यांच्या शास्त्राकडे वळू. काही पदार्थांच्या अणूंमधून आपोआप कण बाहेर पडतात. अशा एका प्रकारात शास्त्रज्ञांना जमाखर्च जुळेना. आधीची शक्ती आणि नंतरची शक्ती यांत दरवेळी काहीतरी तूट येई. बाजारातून आल्यावर पिशवीतले सामान आणि उरलेली मोड यांचा मेळ बसू नये, तसेच हे. शक्तीचा हिशेब अणूच्या पोटात लागूच पडत नसावा, असेही काही मोठे लोक म्हणू लागले. १९३० साली पाउली या शास्त्रज्ञांनी वेगळी कल्पना मांडली. कोणालाही न दिसणारा एक कण ही तूट घेऊन निघून जात असावा, असे त्यांचे म्हणणे. फर्मींनी ती कल्पना उचलली आणि १९३३ च्या अखेरीस तिला पक्के गणित दिले. त्या कणाचे न्यूट्रिनो हे नाव रूढ केले तेही त्यांनीच. या इटालियन शब्दाचा अर्थ चिमुकला तटस्थ असा होतो. इंग्लंडमधल्या एका नामांकित नियतकालिकाने हा लेख वास्तवापासून फार दूरचा म्हणून परत पाठवला! आज तोच लेख त्यांच्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक मानला जातो.

सूर्याकडून आलेले हे कण आपल्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे सहा हजार कोटी पार होतात. आपल्याला त्यांचा स्पर्शही कळत नाही आणि त्यांच्यापासून काही इजाही होत नाही. भिंत, डोंगर, पृथ्वी यांतूनही ते सहज आरपार जातात. म्हणूनच ते सापडायला १९५६ साल उजाडले, आणि सापडले तेही अमेरिकेतल्या एका अणुभट्टीजवळ, कारण अणुभट्टीतून ते विपुल निघतात. फर्मी तोवर हयात नव्हते. आपल्या देशातही कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व इंग्रज सहकाऱ्यांबरोबर १९६५ साली वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. या कणांना अडवणारे झाकण नाही. त्यामुळे एखादी अणुभट्टी चालू आहे की बंद, आणि किती जोरात चालू आहे, हे तिच्या भिंतीबाहेर न्यूट्रिनो मोजून ओळखता येते, असेही पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हिशेबातली लहानशी तूट नजरेआड न केल्याचे हे एवढे मोठे फळ!

१९३४ च्या ऑक्टोबरात फर्मी आणि त्यांचे सोबती धातूंवर न्यूट्रॉन नावाच्या कणांचा मारा करीत होते. तोच प्रयोग लाकडी मेजावर केला तर एक उत्तर येई, संगमरवरी मेजावर केला तर दुसरे. दुसऱ्या कोणी हा मोजणीतला घोटाळा म्हणून सोडून दिला असता. फर्मींनी मध्ये मेणाचा ठोकळा ठेवून पाहिला, तो परिणाम कितीतरी पटींनी वाढला. मेणातून जाताना न्यूट्रॉनचा वेग मंदावतो, आणि मंद न्यूट्रॉन अणूच्या गाभ्यात अधिक सहज शिरतो, असे त्यांनी ताडले. पुढची सारी अणुभट्टी या शोधावर उभी आहे.

त्याच मालिकेत त्यांनी युरेनियमवर मारा केला आणि आपल्याला नवे मूलद्रव्य मिळाले असे मानले. जर्मनीतल्या ईडा नोडाक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्याच वर्षी लिहिले की, अणूचे तुकडे झाले असण्याचीही शक्यता आहे, ती तपासल्याखेरीज नवे मूलद्रव्य मिळाले असे म्हणता येणार नाही. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १९३८ च्या डिसेंबरात जर्मनीत हान आणि श्ट्रासमान यांना अणू फुटल्याचा पुरावा मिळाला, आणि त्याचा उलगडा लिझे माइटनर या विदुषीने आपल्या भाच्याच्या मदतीने केला. पोप म्हणवणाऱ्या माणसाचाही अंदाज चुकतो, आणि शंका काढणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, हे यावरून दिसते.

त्याच १९३८ साली फर्मींना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पण घरावर संकट आले होते. लॉराबाई ज्यू घराण्यातल्या, आणि मुसोलिनीने ज्यूंविरुद्ध कायदे केले. पारितोषिक घ्यायला म्हणून हे कुटुंब स्वीडनला गेले, आणि तेथून परत न येता २ जानेवारी १९३९ रोजी अमेरिकेत उतरले. लॉराबाईंचे वडील इटलीच्या आरमारात अॅडमिरल होते. मुलगी निघाली, ते मागे राहिले. १९४३ साली नाझींनी त्यांना रोममध्ये पकडले आणि आउश्वित्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. अमेरिका युद्धात पडली तर इटलीची माणसे म्हणून आपली ठेव गोठवली जाईल, या धास्तीने फर्मी पतिपत्नींनी काही पैसे शिशाच्या नळीत घालून घराच्या तळघरात कोळशाच्या जागेखाली पुरून ठेवले होते. अडीअडचणीची तरतूद करणारा संसारी माणूस सगळीकडे सारखाच!

आता त्यांच्या आयुष्यातला मुख्य प्रसंग सांगते.

एक न्यूट्रॉन युरेनियमचा अणू फोडतो. त्यातून दोनतीन नवे न्यूट्रॉन निघतात, ते आणखी अणू फोडतात. अशी साखळी चालू ठेवता आली तर अपार शक्ती मिळेल, आणि आवरता आली नाही तर अनर्थ होईल. ही साखळी पहिल्यांदा चालू करून पाहण्याचे काम फर्मींकडे आले. शिकागो शहराबाहेर जंगलात जागा ठरली होती, पण मजुरांच्या संपामुळे इमारत वेळेत झाली नाही. मग विद्यापीठाच्या क्रीडांगणात, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली चेंडू खेळण्याची एक बंद जागा होती, तेथेच भट्टी रचायचे ठरले.

१६ नोव्हेंबर १९४२ ला रचाई सुरू झाली. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतल्या शिसाचा पदार्थ. त्याच्या ४० हजारांहून अधिक विटा, वजन ३०० टनांवर, आणि त्यांत बसवलेले युरेनियम. ग्रॅफाइट न्यूट्रॉनला मंद करते. कॅडमियम नावाचा धातू न्यूट्रॉन गिळतो, म्हणून त्याचे पत्रे ठोकलेले दांडे भट्टीत घातलेले. दांडे आत असले की साखळी बंद, बाहेर ओढले की चालू. रात्रंदिवस पाळ्या लावून माणसे थर चढवीत. ग्रॅफाइटच्या धुळीने त्यांचे हातपाय आणि तोंडे काळीठिक्कर होत.

फर्मींनी प्रत्येक टप्प्यावर न्यूट्रॉन मोजले आणि त्यावरून कितव्या थराला साखळी चालू होईल ते आधीच काढले. १ डिसेंबरच्या रात्री ५७ वा थर पुरा झाला. त्या पाळीवर अँडरसन हे तरुण सहकारी होते. दांडे काढले असते तर जगातली पहिली भट्टी त्यांच्या हातून पेटली असती. पण फर्मींना दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी दांड्यांना कुलूप घातले आणि ते झोपायला गेले. मला या अँडरसनचे फार कौतुक वाटते.

२ डिसेंबर १९४२. कडाक्याची थंडी. सज्जात सुमारे चाळीस-पन्नास माणसे जमली. त्यांत स्त्री एकच, लिओना वुड्स, वय अवघे तेवीस. न्यूट्रॉन मोजण्याची उपकरणे त्यांनी तयार केली होती आणि त्या मोठ्याने आकडे वाचत होत्या. सुरक्षेची व्यवस्था अशी होती. एक दांडा मोजणी ठराविक आकड्यावर गेली की आपोआप आत पडणारा. दुसरा दोराने सज्जाच्या कठड्याला बांधलेला, आणि दोर तोडायला एक गृहस्थ हातात कुऱ्हाड घेऊन उभे. तेही फसले तर भट्टीवर ओतण्यासाठी कॅडमियमचे पाणी घेऊन तीन तरुण वर बसलेले. शेवटचा दांडा वाइल नावाचे सहकारी हाताने, फर्मी सांगतील तेवढाच, बाहेर ओढीत.

आपल्या प्रेशर कुकरला शिट्टी असते. ती अडकली तर वाफ जायला दुसरी झडप असते. आणि एवढे असूनही आपण स्वयंपाकघर सोडून जात नाही. या तिन्ही गोष्टी त्या भट्टीला होत्या असे समजा.

दांडा थोडा ओढायचा, आकडा कुठे जाऊन थांबेल ते फर्मींनी गणिताच्या पट्टीवर काढून सांगायचे, आणि तो तेथेच थांबतो की नाही हे पाहायचे, असा क्रम सकाळभर चालला. साडेअकराच्या सुमारास एकदम मोठा आवाज झाला. सर्व दचकले. आपोआप पडणारा दांडा फार खालच्या आकड्यावर लावलेला होता, म्हणून तो आत पडला होता. सर्वांची उत्कंठा शिगेला पोचलेली, आणि अशा वेळी फर्मींनी सर्वांना जेवायला जायला सांगितले! उतावीळ आणि भुकेल्या माणसाने धोक्याचे काम करू नये, एवढे आपण गृहिणीही जाणतो. जेवून आल्यावर पुन्हा एकेक पाऊल, आणि साडेतीनच्या सुमारास साखळी स्वतःच्या बळावर चालू झाली. शक्ती किती, तर अर्धा वॅट. टॉर्चचा दिवाही नीट लागला नसता. मग दांडा आत सोडून भट्टी बंद केली. काही न्यूट्रॉन मागाहून, काही सेकंदांनी निघतात, त्यामुळे साखळी हाताने आवरण्याइतका वेळ मिळतो, हे फर्मींना ठाऊक होते. त्या भरवशामागे दैव नव्हते, हिशेब होता.

तरी एक गोष्ट मला खटकते. भोवती दाट वस्तीचे शहर होते. भट्टीला किरण अडवणारी भिंत नव्हती. शेजारपाजाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हते. प्रकल्पाचे प्रमुख कॉम्प्टन यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांनाही विचारले नाही, जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. युद्ध चालू होते, गुप्तता हवी होती, हे खरे. पुढल्या फेब्रुवारीत भट्टी मोडून शहराबाहेर नेली आणि तेथे तिच्याभोवती भिंत घातली, हेही खरे. पण ज्यांच्या घरांशेजारी चूल मांडली त्यांना ती कसली हे कळले नाही. हिशेब चोख होता म्हणून निभावले.

लॉराबाईंनाही काही कळले नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी मेजवानी होती. येणारा प्रत्येक पाहुणा यजमानांचे अभिनंदन करी. कशाबद्दल म्हणून विचारले तर कोणी सांगेना. लिओनाबाईंनी तर जपानी अॅडमिरलला बुडवल्याबद्दल म्हणून त्यांची थट्टा केली. खरे कारण बाईंना कळले ते १९४५ साली युद्ध संपताना.

पुढे हॅनफर्ड येथे मोठी भट्टी बांधली. १९४४ च्या सप्टेंबरात ती चालू झाली, आणि काही तासांनी आपोआप विझली. भट्टीतच तयार होणारा झेनॉन नावाचा वायू न्यूट्रॉन गिळत होता. शास्त्रज्ञांच्या गणिताप्रमाणे युरेनियमसाठी १५०० नळ्या पुरेशा होत्या, पण बांधणाऱ्या इंजिनिअरांनी हातचे राखून २००४ ठेवल्या होत्या. त्या भरल्यावर भट्टी चालली. मोठ्या गणितालाही शिलकीचा आधार लागतो!

या भट्टीतल्या मालापासूनच नागासाकीचा बाँब झाला. १६ जुलै १९४५ रोजी वाळवंटात पहिला चाचणी-स्फोट झाला, तेव्हा फर्मींनी हातातले कागदाचे कपटे सोडले आणि ते किती दूर उडाले यावरून स्फोटाची ताकद तेथल्या तेथे अंदाजली. जपानवर बाँब टाकण्याविषयी चार शास्त्रज्ञांचा सल्ला घेतला, त्यांत फर्मी होते, आणि प्रत्यक्ष वापराखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही असे त्या चौघांनी कळवले. मग ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी. शिकागोत एका खोलीतल्या पन्नास माणसांसाठी दोर, कुऱ्हाड आणि कॅडमियमचे पाणी होते. तिकडच्या आयाबाया आणि लेकरांसाठी काय होते? चरित्र लिहिताना हे झाकता येत नाही. १९४९ साली हायड्रोजन बाँबचा प्रश्न आला, तेव्हा मात्र फर्मी आणि राबी यांनी मिळून त्याला लेखी विरोध केला. सरकारने तो मानला नाही, आणि पुढे फर्मींनी त्या कामातही हात दिला. थोर माणसांची आयुष्ये आपल्याला सोयीची वाटतील अशी सरळ नसतात.

१९५४ साली त्यांना पोटाचा कर्करोग झाला. रुग्णालयात नळीतून पोषण चालू असताना ते थेंब मोजून आणि घड्याळ लावून त्याचा वेग काढीत. २८ नोव्हेंबर १९५४ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी ते गेले. शंभराव्या मूलद्रव्याला त्यांचे नाव दिले आहे.

आपले होमी भाभा तरुणपणी रोमला फर्मींपाशी काही काळ होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे भाभांच्या नेतृत्वाखाली अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी चालू झाली, आणि १९६९ साली तारापूरची वीज सुरू झाली. १९५५ साली जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततेसाठीच्या उपयोगावर परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा होते, आणि अमेरिकेतर्फे तिचा इतिहास लिहायला लॉराबाई गेल्या होत्या. १९५९ साली याच लॉराबाईंनी शिकागोतल्या आपल्या वस्तीतल्या बायका जमवून कोळशाच्या धुराविरुद्ध स्वच्छ हवेची समिती काढली. ज्या वस्तीला एकदा काहीच सांगितले गेले नव्हते, तेथल्याच बायका आता हवेत काय सोडता म्हणून विचारू लागल्या. १९७७ साली त्या गेल्या.

फर्मींनंतरही भट्ट्यांवर संकटे आलीच. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिल येथे ठरल्यापेक्षा जास्त दांडे बाहेर काढले होते, सुरक्षेची काही साधने बंद ठेवली होती, आणि भट्टीच्या रचनेतही दोष होता. ११ मार्च २०११ ला फुकुशिमा येथे भूकंप होताच भट्ट्या बंद झाल्या, पण चूल विझली तरी निखारे धगधगतात तशी आत उष्णता होती. ती काढणाऱ्या पंपांची वीज त्सुनामीच्या पाण्याने गेली. दोन्ही ठिकाणी हजारो बायकांना मुलेबाळे घेऊन, भरले घर टाकून निघावे लागले.

अणुशक्ती चांगली की वाईट, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्या वस्तीशेजारी भट्टी असो, कारखाना असो की गॅसचे गोदाम, हिशेब कोणी केला आहे, दोर कोणाच्या हातात आहे आणि शेजाऱ्यांना काय सांगितले आहे, एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येकीचा आहे. तो विचारायला सातवीचे शिक्षणही पुरते. आपल्या मंडळाने तो सवयीने वापरावा, एवढीच विनंती करून मी हे चरित्र पुरे करते.